बत्तीस एमबीतली विहीर

जगात वस्तू मोडतात, जुन्या होतात आणि शेवटी भंगारात जातात, असं मी ऐकून आहे. आमच्या साडूंच्या घरात असं काही घडत नाही. तिथे वस्तू फक्त नोकरी बदलतात. छत्रीचं कापड फाटलं की तिच्या काड्या कारल्याच्या वेलाकडे कामाला लागतात. लग्नात मिळालेल्या टेबलफॅनची मोटर जळाली, तेव्हा त्याच्या जाळीवर कोकमं वाळू लागली आणि पात्यांपैकी एक पातं अजून मोरीच्या दारामागे साबणदाणी म्हणून राबतं आहे. रेडिओच्या पोटात पत्रं राहतात. एका रविवारी मी सहज मोजदाद केली, तर अशा बदली होऊन आलेल्या एकेचाळीस वस्तू भरल्या, आणि त्यात माडीवरच्या नव्हत्या. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा म्हणाली, "मी म्हातारी झाल्ये, आता मला कुठं लावणार आहेत, तेवढं विचारून ठेवा हो यांना."

साडू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. बायको त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही भावोजीच म्हणतो. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. सगळी नोकरी तारखात्यात गेली. कट्ट-कडकट्ट करून लोकांची जन्ममरणं पलीकडे पोचवायची, आणि तीही कमीत कमी शब्दांत, याची सवय त्यांच्या बोलण्यात कायमची उतरली. त्यांचा मुलगा झाला तेव्हा आमच्या सासऱ्यांना तार आली होती: "मुलगा. दोघं बरी. पाऊस." सासरे ती तार पुढे बरीच वर्षं लोकांना दाखवत असत. आम्ही नवीन घर बांधलं तेव्हा त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं, जांभ्याच्या भिंतीवर दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "ठीक. पन्हळ उलटी." पन्हळ खरोखरच उलटी होती.

या माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती, की तिच्यापुढे बाकी सगळं दुय्यम. ती म्हणजे त्यांच्या परसातली विहीर. आणि विहिरीपेक्षाही विहिरीची नोंद. ती त्यांच्या वडिलांनी सुरू केली. वडील कोर्टात कारकून होते. एक जानेवारी एकोणीसशे एकसष्टला त्यांनी काथ्याच्या दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या, टोकाला पितळेचं शेराचं जुनं वजन बांधलं आणि सकाळी सहा वाजता काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजून वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. दोन वितींचा हात, बारा बोटांची वीत. गाठींच्या मधलं अंतर मोजायला बांबूची एक पट्टी केली आणि तिच्यावर स्वतःच्या बोटांच्या खुणा कोरल्या. वडील गेल्यावर साडूंनी तीच दोरी, तीच पट्टी चालवली. मी मोजणी खात्यातला माणूस. "भावोजी, सेंटिमीटरमध्ये मोजा, जगाला कळेल तरी," असं मी त्यांना पहिल्याच वर्षी सुचवलं होतं. ते म्हणाले, "विहीर जगाची नाही." काथ्याची दोरी भिजली की आखडते, वाळली की सैल पडते, ही दुसरी हरकतही मी घेतली होती. त्यावर ते म्हणाले, "रोजच भिजते." आणि हे बरोबर होतं. एवढ्या वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. लग्नाला परगावी जायचं झालं तर दोघांपैकी एक घरी राही. माझ्या लग्नाला ताई एकटीच आली होती, ती त्यामुळेच.

पण कोकणात कागद टिकत नाही. वह्यांना बुरशी धरू लागली, शाई पसरू लागली, आणि त्याच सुमाराला, दोन हजार दोन साली, त्यांच्या मुलाने पुण्याच्या कचेरीतून काढून टाकलेला एक काँप्युटर एसटीच्या टपावरून पाठवून दिला. पेंटियम, बत्तीस एमबी मेमरी, एक जीबीची हार्ड डिस्क. दिसायला धुऊन धुऊन पिवळा पडलेला बनियन. त्यात विंडोज होती. मी घड्याळ लावून पाहिलं, ती सुरू व्हायला सहा मिनिटं दहा सेकंद लागत. साडूंना वेळेचं काही वाटलं नाही. त्यांना राग आला तो तिच्या विचारण्याचा. एखादी फाइल पुसायची म्हटली की ती विचारी, नक्की पुसायची का? मग ती टोपलीत टाके. मग टोपली रिकामी करायची का, ते विचारी. साडू म्हणाले, "तारखात्यात आम्ही असं विचारलं असतं, तर लोकांचे तेरावे उरकले असते, तरी तार गेली नसती."

मग मुलानेच एका मासिकाबरोबर आलेली सीडी पाठवली. तिच्यावर लिनक्स होती, आणि तीही अगदी हलकी जात: सगळी मिळून पन्नास एमबी, हार्ड डिस्कला हातसुद्धा न लावता सीडीवरूनच चालणारी, लागेल तेवढीच मेमरीत येणारी. अडचण एवढीच, की हा काँप्युटर इतक्या जुन्या वळणाचा की सीडीवरून सुरू व्हायचं त्याला माहीतच नव्हतं. त्यासाठी आधी एक फ्लॉपी घालायची, फ्लॉपीने त्याला सीडीचा पत्ता सांगायचा, मग तो तिकडे जायचा. हे जमवायला आम्हा दोघांना नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या आणि खाली एक खूण लुकलुकत उभी राहिली. चित्र नाही, रंग नाही, 'सुस्वागतम्' नाही. दोन-तीन अक्षरांचा हुकूम द्यायचा आणि काम झालं की तो गप्प. साडू बराच वेळ त्या खुणेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ही तारेची भाषा आहे. ही मला येते."

तेव्हापासून त्या दोघांचं जमलं ते जमलं. एकदा त्यांनी एक अक्षर चुकीचं दाबून एका संध्याकाळचं सगळं टायपिंग पुसून टाकलं. मशीनने एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, आता विंडोज परत येणार. पण साडू उलट खूष. "त्याची चूक नाही. मी सांगितलं, त्यानं केलं. असा माणूस ऑफिसात एक मिळाला नाही मला." मी मेमरी वाढवून आणतो म्हटलं, तर म्हणाले, "बत्तीस दातांवर माणूस जन्मभर जेवतो. याला काय कमी?" मशीन सुरू होताना पडद्यावर एकेक भाग सापडल्याची ओळ उमटते. त्या ओळी ते दारात उभ्या राहिलेल्या यजमानासारखे वाचत. "कीबोर्ड आला. या. फ्लॉपी आली. मेमरी बत्तीस, सगळी आली. हार्ड डिस्क... अजून नाही... आली, आली. बसा." आणि सगळी पाहुणेमंडळी जमली की ते खुर्ची पुढे ओढत. दोन मिनिटं पन्नास सेकंद. मी पुष्कळदा मोजले आहेत, पाचेक सेकंदांपलीकडे फरक नाही.

मशीनला मात्र नुसतं मशीन म्हणून राहता आलं नाही. त्या घरात ते शक्यच नव्हतं. मॉनिटर वरून गरम होतो हे ताईच्या ध्यानात आलं आणि मे महिन्यात त्याच्या पाठीवर ताट ठेवून त्यात आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी, वाळू लागलं. पावसात तिथे साडूंचे मोजे असत. सीडीच्या दोन जास्तीच्या प्रती मी करून दिल्या होत्या, त्या साडूंनी एका मुंजीत आणि एका सत्यनारायणाला आहेर म्हणून दिल्या. मुंजीतली तुरीच्या शेंगांवरची पाखरं हाकलायला परसात टांगलेली मी स्वतः पाहिली. साडूंना सांगितलं तर म्हणाले, "कामाला लागली ना?"

नोंदी उतरवायचं काम आम्ही दोघांनी केलं. मी वही वाचायची, त्यांनी एका बोटाने टाइप करायचं. तारीख, हात, वीत, बोटं. "सात, एक, तीन," मी म्हणायचो, "सात, एक, तीन," ते म्हणायचे, कट्ट. बेचाळीस वर्षांच्या नोंदी पंधरा हजार तीनशे चाळीस झाल्या. संध्याकाळी चहानंतर साठ नोंदी, असा आम्ही नेम ठेवला आणि दोनशे छप्पन्न संध्याकाळींत काम संपवलं. माझी बायको म्हणे, दोन गृहस्थ समोरासमोर बसून तास-तासभर आकडे म्हणतात, वेड्यांच्या इस्पितळातसुद्धा लोक याहून बरं बोलत असतील. पण मला ते दिवस फार सुखाचे गेले, हे मान्य करायला हवं. वडिलांचं अक्षर सुबक, सातला एक छोटी शेपटी. कुठे समासात दोन शब्द: 'पाणी गढूळ', 'कासव दिसले'. साडू तेही टाइप करत.

आणि त्या नोंदींचा उपयोग होता. आमच्या गल्लीत मे महिन्यात नळाला पाणी नसतं. सगळी गल्ली साडूंच्या विहिरीवर असते. फेब्रुवारीतलं पाणी पाहून ते मशीनला आधीची तशीच वर्षं शोधायला लावत आणि तळ कधी दिसेल ते सांगत. समोरच्या आंबेवाल्यांनी मुलीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात धरलं, तेव्हा साडू आपण होऊन त्यांच्याकडे गेले. "मुहूर्त गुरुजींना विचारा, पाणी मला. एकोणीसनंतर तुमच्या पंक्तीला पाणी नाही." आंबेवाल्यांना ते अशुभ वाटलं, पण लग्न नऊ तारखेवर आणलं. एकवीस मेला विहिरीत पोहरा टाकला तर चिखल लागला. साडू दोन दिवस अस्वस्थ होते. दोन दिवस चुकले होते ना.

आता जे झालं ते सांगतो. दोन हजार चारच्या पावसात वह्यांच्या पेटीला वाळवी लागली. उघडून पाहिलं तर चाळीस वर्षांची माती झाली होती, पुठ्ठे तेवढे वर. मी पुठ्ठे झटकून झटकून पाहिले. साडू शांत. "वेळेवर उतरवलं," एवढंच म्हणाले. नोंदी हार्ड डिस्कवर होत्या, आणि शिवाय पाच फ्लॉप्यांवर, एकेका दशकाला एक. मी त्यांना सांगितलं होतं की हे सगळं एका फ्लॉपीत मावतं, तेव्हा सगळ्या नोंदींच्या पाच प्रती करा आणि एक माझ्या घरी द्या. त्यावर ते म्हणाले, घरातले सगळे दागिने कोणी एका डब्यात ठेवतं का? मी हिशेबाने बोलत होतो, ते रीतीने. रीत जिंकली.

पण फ्लॉपीलाही पावसात बुरशी धरते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. आमच्याकडे पावसाळ्याच्या बेगमीत कडव्या वालांना चुलीतली राख चोळून ते डब्यात भरतात. किडा लागत नाही, दमट हवा लागत नाही, गौरीपर्यंत वाल कसे ठणठणीत राहतात. आपल्या आजीपणजीने पारखलेला उपाय. दोन हजार पाचच्या मेअखेर साडूंनी पाचही फ्लॉप्या, अगदी विचारपूर्वक, वालांच्या डब्यात राखेच्या मधोमध पुरून टाकल्या. प्लास्टिकच्या पिशवीत का नाही घातल्या, असं मी नंतर विचारलं. "पिशवीत राखेचा गुण कसा लागेल?" असं त्यांनी मला उलट विचारलं.

गणपती झाले आणि एका सकाळी मशीन सुरू करताना पाहुण्यांत हार्ड डिस्क आली नाही. आतून कट्-कट् असा आवाज आला, मग तोही थांबला. मला बोलावणं आलं. मशीन चालू होतं, कारण त्या लिनक्सला हार्ड डिस्कची गरजच नव्हती. पण नोंदी डिस्कबरोबर गेल्या होत्या. "फ्लॉप्या आहेत," साडू म्हणाले आणि स्वयंपाकघरातून डबा घेऊन आले. हाताला आधी आली ती ऐंशीच्या दशकाची. त्यांनी ती धोतराला पुसली, फुंकर मारली आणि मला काही बोलायची संधी मिळण्यापूर्वी खाचेत सारली. पाटा-वरवंट्यात खडे पडावेत तसा आवाज झाला. पुढची फ्लॉपी त्यांच्या हातात होतीच; मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हात लावून थांबवलं असेल. मी फ्लॉपीचं पत्र्याचं दार सरकवून दाखवलं. आत चकतीवर करडी भुकटी पसरली होती.

साडू खाली बसले. वह्या वाळवीने खाल्लेल्या, डिस्क बंद, आणि राहिलेलं सगळं राखेत. चव्वेचाळीस वर्षं. जरा वेळाने उठून परसात गेले आणि विहिरीच्या काठावर हात टेकून उभे राहिले. ताई पदराला हात पुसत आली, डबा पाहिला, माझ्याकडून सगळं समजून घेतलं आणि म्हणाली, "राखच ना ती? वालांची मी धुत्ये, हिची का नाही जाणार?"

मी म्हटलं, ताई, हे यंत्राचं काम आहे. साडूही दारातून म्हणाले, "अगो, ती काय पैठणी आहे?"

"पैठणीला कधी एवढं जपलं नाहीत," ताई म्हणाली. "आणखी काय वाईट व्हायचं राह्यलंय, ते सांगा मला."

मी अट घातली की आधी प्रयोग करायचा. मशीन सुरू करायची फ्लॉपी नंतर खाचेत घातली, तीही तिथल्या राखेने बिघडली होती, ती आधी धुवायची. तिची प्रत माझ्या ऑफिसात सहज झाली असती. खाच बदलायला मी हातखंब्याला हमरस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या ढिगाऱ्यातून एक फ्लॉपी ड्राइव्ह निघाला. त्याने तो पत्र्याबरोबर वजनावर दिला. मग ताईने रिठे भिजवले, पाणी गाळून घेतलं. मी ब्लेडने फ्लॉपीचं कवच उकललं आणि चकती बाहेर काढली: पापडासारखी पातळ, तपकिरी, मध्ये पत्र्याची टिकली. ताईने ती रिठ्याच्या पाण्यात दोन बोटांत धरून हलवली, घासली नाही. मग विहिरीचंच पाणी उकळून निववलेलं होतं, त्यात तीनदा खंगाळली आणि जुन्या मलमलीवर सावलीत ठेवली. वाळल्यावर नव्या फ्लॉपीच्या रिकाम्या कवचात घातली. मशीन सुरू केलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. साडू कोणालाही या-बसा म्हणाले नाहीत. शेवटची खूण लुकलुकली तेव्हा ताई म्हणाली, "आणा पुढची."

चार फ्लॉप्या अक्षरन् अक्षर वाचल्या गेल्या. जूनपासूनच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर होत्या, त्या परत टाइप केल्या. राहिली ऐंशीची, घाईत आत घातलेली. तिच्यावर एक बारीक ओरखडा पडला होता. ती उघडली, आणि ब्याऐंशी, त्र्याऐंशी करत आम्ही पुढे सरकलो, तर त्र्याऐंशीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मशीन अडलं. सव्वीस दिवस वाचता येईनात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं नीट. आम्ही चार वेळा प्रयत्न केला. सव्वीस म्हणजे सव्वीसच.

मी कागद घेतला. ओरखड्याच्या आधीची नोंद होती पाच हात, नऊ बोटं. म्हणजे एकशे एकोणतीस बोटं. नंतरची सहा हात, एक वीत. म्हणजे एकशे छप्पन्न. सत्तावीस दिवसांत सत्तावीस बोटं. रोज बरोबर एक बोट. इतका स्वच्छ हिशेब माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा लागला आहे. त्या दिवसांत पाणी असंच शांतपणे उतरतं. मी म्हटलं, भावोजी, हे भरून टाकू. फार तर एखाद्या बोटाची चूक होईल, कोणाला कळणार नाही.

साडू म्हणाले, "वडील त्या दिवशी विहिरीवर गेले होते. आपण नव्हतो."

मी कागद घडी करून खिशात घातला. त्यांनी सव्वीस तारखा टाइप केल्या आणि प्रत्येकीपुढे जागा रिकामी सोडली. एकेक करत खाली येत होते. बाराव्या तारखेला त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी सावकाश टाइप केलं: पाच, एक, सात. आणि पुढची जागा पुन्हा रिकामी.

आकडेमोड माझ्या हातात नसते, ती आपोआप होते. पाच, एक, सात म्हणजे एकशे एकोणचाळीस. माझ्या हिशेबाने त्या दिवशी एकशे एकेचाळीस यायला हवे होते. दोन बोटं पाणी वर होतं. उतरत्या दिवसांत पाणी वर कसं येईल? मी तसं म्हटलंही, माझा स्वभाव.

"त्या दिवशी पहाटे वडील गेले," साडू म्हणाले. "सहाला मोजता आलं नाही. त्यांना नेण्यापूर्वी, दहाला, मी गेलो. माझी पहिली नोंद." मग म्हणाले, "नळ नव्हते तेव्हा. घरातले दोन हंडे सोडले, तर गल्लीत कोणी पोहरा टाकला नव्हता तोपर्यंत."

ताई आतून चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. माझ्या खिशातला कागद मी घरी जाऊन फाडला. हिशेबात काही चूक नव्हती त्याच्या. पण तो विहिरीचा हिशेब होता, गल्लीचा नव्हता.

त्यानंतर ते मशीन हार्ड डिस्कशिवायच चालू लागलं. गल्लीत त्याला बिनडोक काँप्युटर म्हणत. साडूंना त्यात काही गैर वाटत नसे. सगळ्या नोंदी आता एका फ्लॉपीत असतात, त्या फ्लॉपीच्या पाच प्रती आहेत, आणि त्यातली एक माझ्या कपाटात आहे. रीत हरली असं मी म्हणणार नाही. पाचही प्रती ताईने शिवलेल्या मलमलीच्या पिशव्यांत आहेत.

दोन वर्षांपूर्वी ताईचे गुडघे फार दुखू लागले आणि मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. सहाव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. साडूंनी तिथेही गच्चीवरच्या टाकीत दोरी सोडून पाहिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तक्रार केली, तेव्हा त्यांना लेखी उत्तर दिलं: "टाकी गळते. रोज चार बोटं." टाकी गळत होती. आता सेक्रेटरी त्यांना जिन्यात थांबून नमस्कार करतात, असं ताई सांगते.

किल्ली माझ्याकडे आहे. रोज सकाळी सहाला मी त्यांच्या परसात जातो, दोरी सोडतो, पट्टीने बोटं मोजतो. मग आत जाऊन मशीन सुरू करतो. खोलीत कोणी नसतं, त्यामुळे पाहुण्यांना या-बसा मीच म्हणतो. सुरुवातीला लाज वाटायची, आता नाही वाटत. मॉनिटरवर ताट नसतं, एवढं मात्र जाणवतं. नोंद टाइप करून घरी येतो तोच फोन वाजतो. "किती?" मी सांगतो. "बरं." फोन बंद. त्यांचं महिन्याचं बिल ताईकडून ऐकून बायको म्हणते, एवढ्या स्वस्तात कोणी नातं सांभाळलं नसेल.

गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला मला एक दिवस जाता आलं नाही. रात्रीपासून ताप होता, सकाळी उठून उंबऱ्यापर्यंत गेलो आणि भोवळ आली. बायकोने आडवं केलं ते दुपारीच जाग आली. तोवर गल्लीने दिवसाचं पाणी भरून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो. परवाची नोंद माहीत होती, आजची हातात होती, आणि मधला आकडा मला झोपेतही सांगता आला असता. मी तारीख टाइप केली आणि पुढे निघालो. एवढ्या वर्षांत माणसाच्या हातून चुकलेला हा पहिलाच दिवस, आणि तो माझ्या हातून. आदल्या दिवशीचा फोन बायकोने घेतला होता आणि ताप आहे एवढंच सांगितलं होतं. आता फोन आला तेव्हा मी आधी तेच सांगितलं.

"ताप उतरला?" साडूंनी विचारलं.

"उतरला."

"रिकामं ठेवलंत ना?"

"ठेवलं."

"बरं," ते म्हणाले. आणि मग फोन बंद न करता, त्यांच्या मानाने फारच लांबलचक असं एक वाक्य बोलले. "विहिरीवर पालापाचोळा पडला असेल, तर जाळी तेवढी झाडून घ्या, आणि काठावर जरा वेळ बसा, घाई करू नका."

जाळी स्वच्छ होती. तरी मी जाऊन जरा वेळ बसलो.